यादीप्रमाणे आलेले डोळे

"पुढच्या सोमवारी डोळे कोणाचे येऊन राहिले?"

हे वाक्य मी फायलींच्या कपाटामागे उभी राहून ऐकलं. विचारणारे गोरेकाका होते, आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर. उत्तर देशकर सिस्टरांनी दिलं. त्या पुरुषांच्या वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या आणि त्यांचं हळू बोलणंसुद्धा फाटकापर्यंत जाई.

"रामकलीचे. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी तिचे बरे होतील आणि मेरीचे येतील."

"मेरीचे मागच्या महिन्यात येऊन गेले ना?"

"तेव्हा खरे आले होते हो. ते धरायचे नाहीत."

मी हातातली फाइल छातीशी धरली. ऐकलेलं कोणाला सांगावं असा प्रश्न मला पडला नाही. मी कोणालाच काही सांगत नसे.

गोरेकाका आमच्या मंडळाचे चिटणीसही आहेत. यंदाच्या गणेशोत्सवाच्या अंकात कामाच्या आठवणी हव्यात म्हणून ते घरी आले, आणि मी नेहमीप्रमाणे मान हलवून नाही म्हटल्यावर म्हणाले, "बोलू नको. लिहून दे. तुझं लिहिणं काय करू शकते ते मी पाहिलं आहे." अशा पानांवर निवृत्त माणसं लिहितात. माझ्या नोकरीला चार वर्षं झाली आहेत. पण त्यातला एक पावसाळा आणि त्यापुढचे तीन महिने इतके लांब होते की त्यांच्या जोरावर मी निवृत्तांच्या रांगेत बसायला हरकत नसावी. देशकर सिस्टरांची परवानगी मी घेतली आहे. त्यांची एकच अट होती, "मला बारीक दाखव."

ज्या कारखान्याचा तो दवाखाना, त्याचं नाव मी लिहीत नाही. जबलपुरात कारखाने इतके आहेत की कोणता ते ओळखत बसा. मी तिथे रेकॉर्ड क्लार्क होते आणि आहे. घर चेरीतालला, शाळा सिविल लाइंसमधली कॉन्वेंट, आणि तोंड कायम बंद. शाळेत मराठीत बोललं की दंड होता, घरी इंग्रजीत बोललं की आत्या हसायची. मी मधला मार्ग काढला. दवाखान्यात रामकली आया मला 'कान्वेंट दीदी' म्हणायची, आणि मी होकार, नकार आणि 'पुढचा' एवढं बोटाने करून दाखवायचे.

माझं काम असं. कामगार फोरमनची चिठ्ठी घेऊन येतो. मी जाड रजिस्टरात त्याचं नाव, टिकट नंबर, आजार आणि 'शरीराचा भाग' लिहिते. मग डॉक्टर त्याला तपासून 'सिक' किंवा 'फिट' ठरवतात, मी शिक्का मारते. त्यातला 'शरीराचा भाग' हा रकाना फार महत्त्वाचा. हात, पाय, छाती, पोट, डोळा, पाठ, काहीतरी लिहावंच लागतं. रिकामा सोडला तर मुख्य कचेरीतून ते पान लाल पेन्सिलची फुली घेऊन परत येतं. एक वेल्डर गावी जाऊन आईला स्मशानात पोचवून आला. त्याला काही सुचेना, हातातलं काम सुटायला लागलं. आमच्या छोट्या डॉक्टरांनी त्याच्या नावापुढे 'पोट' लिहायला सांगितलं. मी पेन धरून थांबले तसे म्हणाले, "छाती लिहिलं तर एक्स-रे काढावा लागेल."

ते लढाईचं वर्ष होतं. लढाई सुरू व्हायच्या कितीतरी आधी, फौजेचा माल करणाऱ्या आमच्या कारखान्याला ती कळली होती. भोंगा दिवसातून दोनदाच वाजू लागला, बारा तासांच्या पाळ्या आल्या, सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. दवाखान्याच्या काचांना काळे कागद लागले आणि आम्ही भर दुपारी दिवे लावून बसू लागलो. बारा तास यंत्रापुढे उभी राहिलेली माणसं बोटं कापून, हात भाजून येत. त्यांना बघणाऱ्या नर्सेससुद्धा बारा तासच उभ्या असत, पण त्यांची नोंद करायला माझ्याकडे रकाना नव्हता.

त्यातच डोळ्यांची साथ आली. देशभर होती म्हणतात. आमच्याकडे ती एका सकाळी सायकलवरून आली. पहिल्या पाळीचे चाळीस जण एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने डोळा धरून फाटकात शिरले. डोळे टोमॅटोसारखे लाल, पापण्या चिकटलेल्या, पाणी थांबेना. औषध असं नव्हतंच. बोरिक पावडरच्या कोमट पाण्याने धुवायचे, थेंब टाकायचे, वाट पाहायची. कारखान्याने एकच हुकूम काढला. ज्याचे डोळे लाल, त्याने तीन दिवस घरी. कारण एकाचे आले की सगळ्या शॉपचे, म्हणजे अख्ख्या खात्याचे येत. सगळ्या रजा बंद असताना तेवढा एकच आजार असा राहिला, ज्याच्या रजेसाठी कोणाला हात जोडावे लागत नव्हते.

कोणी म्हणे, डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात. त्यामुळे सगळा दवाखाना भिंतीशी बोलू लागला. डॉक्टर खिडकीकडे बघून विचारत, रोगी पंख्याकडे बघून सांगत. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच कोणी माझ्या डोळ्यांत बघत नव्हतं.

मौजही होती. एक टर्नर हटून बसला, "दीदी, एक आँख ठीक हो गई है। आधा फिट लिख दीजिए, आधे दिन काम कर लूँगा।" दुसऱ्याने शपथेवर सांगितलं की त्याने कोणाकडेच बघितलं नव्हतं, फोरमनने त्याच्याकडे बघितलं होतं, तेव्हा रजा फोरमनच्या नावावर धरावी.

पण मी बघत होते. न बोलणाऱ्या माणसाला दुसरं काम नसतं. माझ्या खोलीबाहेरच्या बेसिनवर सगळे रांगेने डोळे धुवायला येत. एक दिवस रांगेत मेरी सिस्टर दिसली. तिचे डोळे मीच चार दिवसांपूर्वी 'फिट' केले होते. पापण्या साफ, डोळ्यांत चिकटा नाही, फक्त पाणी. तिने शांतपणे बोरिकचा पेला घेतला, बेसिनवर वाकली आणि पोटभर रडली. मग तोंड पुसून पुढच्याला जागा दिली. मागे उभा असलेला, मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणाला, "बहुत जल रहा है ना? होता है।"

त्यानंतर मला ओळखता यायला लागलं. खऱ्या साथीत पापण्या सुजतात, माणूस उजेडाकडे पाठ करतो. दुसऱ्या साथीत माणूस नाक ओढतो. आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. ड्रेसर, दोन नर्सेस, स्वयंपाकी, एकदा तर छोटे डॉक्टरही. त्या दिवसांत दवाखान्यात कोणीही, कुठेही, कितीही रडावं, लोक जरा बाजूला सरकून जागा देत आणि विचारत काही नसत.

ती यादी तिथूनच निघाली. कल्पना देशकर सिस्टरांची. ज्याला खरोखर आता उभं राहवत नाही, त्याचे डोळे आणायचे. गोरेकाका खालच्या पापणीखाली बामचं एक बोट ओढत, अर्ध्या तासात डोळे बघण्यालायक होत. छोटे डॉक्टर चार हात लांबून बघून 'सिक' लिहीत. फार जवळून बघण्यात त्यांचाही फायदा नव्हता, कारण त्यांचं नाव यादीत मेरीच्या खाली होतं. माणूस तीन दिवस घरी झोपून येई आणि पुन्हा माणसात येई. रामकली तर परत आल्यावर आठवडाभर गुणगुणत फरशी पुसत होती.

कपाटामागून ऐकल्यावर मी घरी जाऊन रात्रभर विचार केला असं लिहायला हवं, पण मी गाढ झोपले. सकाळी रजिस्टर उघडलं आणि मग मात्र दचकले. खोटेपणा दिसायला यादीची गरजच नव्हती. दवाखान्यातली साथ सोमवारी आणि गुरुवारीच येत होती. एका वेळी एकालाच होत होती, ठीक तीन दिवस टिकत होती, आणि ड्यूटी चार्टवर नावं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने खाली उतरत होती. सिस्टरांनी यादी करताना, सवयीने, पाळ्या लावल्या होत्या. मुख्य कचेरीत कोणी बोट फिरवून पान वाचलं असतं तर सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

जाऊन सांगणं मला जमणारं नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली आणि सिस्टरांच्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये ठेवली.

"साथ इतकी शिस्तीत येत नाही. दोघींचे एकदम येऊ द्या. एखाद्याचा एकच डोळा आणा. कोणाचे तरी रविवारी यायला हवेत. एकाला पाच दिवस लागू द्या. चार्टचा क्रम मोडा."

दहा मिनिटांत सिस्टर चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या.

"हे तू लिहिलं?"

मी मान हलवली.

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? काहून नाही बोलत तू?"

मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. म्हणजे, बोलले की.

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की वॉर्डातल्या दोघांनी उठून बघितलं. "अहो गोरे, इकडे या! कॉन्वेंटमध्ये डोकं देतात, फक्त तोंड काढून घेतात."

त्या दिवसापासून साथ माझ्याकडे आली. खाजगीत सांगते, मी ती फार सुंदर चालवली. स्वयंपाक्याचा डावा डोळा रविवारी आणला आणि उजवा मंगळवारी. ड्रेसर आणि त्याचा मेहुणा, दोघांचे एकाच दिवशी, कारण खऱ्या साथीत घरची माणसं एकत्र पडतात. एकदा एकीचे नुसते येणार असं वाटून गेले, तेही लिहून ठेवलं. यादीचा क्रम मी बेसिनवरून लावायचे. कोण किती वेळ वाकून राहतं, कोण हसता हसता थांबतं, कोण डब्यातली पोळी तशीच परत नेतं. कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि आजही थोडासा वाटतो.

एका माणसाचे डोळे मात्र आलेच नाहीत, खरेही आणि खोटेही. देशकर सिस्टरांचे.

सगळ्या दवाखान्याचे डोळे त्यांनी धुतले, पण त्यांचे कोरडे ठणठणीत. त्यांच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर भाजलेला एक कामगार अकरा दिवस होता. दोन मुलींचा बाप. त्याचे हात बांधलेले होते म्हणून त्याची गावची पत्रं सिस्टर लिहून द्यायच्या. तो सांगे त्याहून लांब लिहायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या बायकोला माझ्यासारखं कोणी लिहिलं नसेल रे." बाराव्या सकाळी तो गेला. सिस्टरांनी खाट आवरली, नवी चादर घातली, शेजारच्याची थट्टा केली, आणि पुढच्या रोग्याचा ताप बघायला थर्मामीटर काढला.

थर्मामीटर लावण्याआधी झटकतात, पारा खाली यावा म्हणून. दोन झटके, फार तर तीन. माझ्या खोलीची खिडकी वॉर्डात उघडते. सिस्टर नऊ नंबरच्या खाटेशी उभ्या राहून झटकत होत्या. पारा कधीच खाली आला होता. तरी झटकत होत्या. रोगी तोंड उघडून वाट बघत होता. मग त्या एकदम थांबल्या, "काय रे, माशी गिळायची आहे का?" म्हणाल्या, आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी मोजलं नाही.

मी यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं. त्यांनी ते खोडलं आणि खाली रामकलीचं दुसऱ्यांदा घातलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्या वेळी त्या यादी घेऊन आल्या.

"बेबी, माझे नाही येत गं. माझ्या डोळ्यांना फुरसत नाही. आणि मी गेले तर हे बावीस जण तुझ्या बोटाच्या इशाऱ्यावर राहणार आहेत का?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाच कळलं नाही. त्या माझ्या गालाला हात लावून गेल्या. आठ दिवस मी खिडकीतून त्यांचं ते झटकणं बघितलं, आणि आठही दिवस वाटत राहिलं की बघितलं म्हणजे काहीतरी केलं. या लेखात खंत लिहायची असते असं गोरेकाका म्हणाले. तर ही घ्या.

नवव्या दिवशी मी त्यांना न विचारता त्यांचे डोळे आणले. रजिस्टरात, शाईने. नाव, 'डोळे येणे', भाग 'दोन्ही डोळे', पाच दिवस. छोट्या डॉक्टरांनी दहा पानांच्या गठ्ठ्यात तेही पान सही करून टाकलं. आठवड्याचा तक्ता सिविल लाइंसमध्ये मोठ्या साहेबांकडे गेला. मी हात धुतले. उद्या सकाळी सिस्टरांना कागद दाखवायचा, कारखान्याचा हुकूम आहे म्हणायचं, म्हणजे कागदच म्हणेल, आणि त्यांना घरी पाठवायचं.

दुसऱ्यांच्या साथीत मी इतकी गुंतले होते की खऱ्या साथीकडे माझं लक्षच नव्हतं. ती संपली होती. त्या आठवड्यात अख्ख्या कारखान्यातून एकाचेही डोळे आले नव्हते, आणि आमची यादी तर दोघींच्या लिहिण्या-खोडण्यात अडून पडली होती. सगळ्या शॉपच्या रकान्यांत भोपळे, आणि तळाशी एकच नाव. साथीचा शेवटचा रोगी माझ्या हस्ताक्षरात होता.

मोठे साहेब म्हणजे आमच्या सगळ्या दवाखान्यांचे मुख्य डॉक्टर. नागपूरकडचे, उंच, खिशात नेहमी छोटी टॉर्च. कमी बोलत, आणि बोलले की समोरचा दोन पावलं मागे जाई. सकाळी त्यांची गाडी फाटकात आली तेव्हा मी सिस्टरांसाठी कागद घेऊन उठतच होते.

"शेवटची केस बघायला आलो," साहेब म्हणाले. "घरी पाठवायच्या आधी एकदा बघून घेऊ. देशकर सिस्टर कुठे आहेत?"

सिस्टर वॉर्डातून आल्या, हातात थर्मामीटर. "मी इथेच आहे साहेब. काय झालं?"

"तुम्ही आजारी आहात."

"अच्छा?" सिस्टर म्हणाल्या. "मला कोणी सांगितलं नाही."

गोरेकाका बामच्या डबीवर हात ठेवून दाराशी उभे होते. आता ओढायला वेळ नव्हता. रामकली पोछा तिथेच टाकून देवाचं नाव घेऊ लागली. छोटे डॉक्टर काळ्या कागदाकडे असे बघत होते जणू पलीकडचं दिसतंय.

साहेबांनी सिस्टरांना खुर्चीवर बसवलं. ते एकटेच असे निघाले की ज्यांना डोळ्यांत बघायची भीती नव्हती. एक पापणी उचलली, टॉर्च टाकली. दुसरी उचलली. वेळ लागला.

"डोळे स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "दवाखान्यातले सगळ्यात चांगले डोळे आहेत."

"मग! मी सांगते ना सगळ्यांना," सिस्टर म्हणाल्या, आणि हसल्या. आम्ही त्यांच्या हसण्याला सरावलो होतो, ते कुठे थांबतं ते आम्हाला माहीत होतं. तिथे ते थांबलं नाही. हसता हसता त्यांचा हात थर्मामीटर झटकायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. समोर रोगी नव्हता. साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हात मनगटाशी धरला, नाडी बघतात तसा, आणि थर्मामीटर काढून माझ्या टेबलावर ठेवला. सिस्टरांच्या गालांवरून पाणी चाललं होतं. त्या पुसत नव्हत्या. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, आणि साथ संपल्यावर.

साहेबांनी माझं रजिस्टर स्वतःकडे ओढलं. मागची पानं उलटली. स्वयंपाक्याचा डावा डोळा, मग उजवा. ड्रेसर आणि मेहुणा. कोणाचे नुसते येणार वाटून गेलेले. एके ठिकाणी त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

"हे अक्षर कोणाचं?"

मी बोट वर केलं.

"सुरेख आहे." त्यांनी पेन काढलं आणि सिस्टरांच्या नावापुढचे 'दोन्ही डोळे' एका रेघेने खोडले. पेन त्याच रकान्यावर टेकवून ठेवलं. "रजा द्यायला माझी हरकत नाही. पण हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. डोळे नाहीत. मग शरीराचा भाग कोणता लिहू?"

त्यांनी छोट्या डॉक्टरांकडे बघितलं. छोटे डॉक्टर 'पोट' म्हणणार होते, ते ओठ मला दिसले. गोरेकाका जमिनीकडे बघत होते. पेनातून शाईचा ठिपका कागदावर मोठा होत होता. मी चिठ्ठीसाठी कागद शोधला. कागद सगळे साहेबांच्या कोपराखाली होते.

मग मी बोलले. आवाज फाटकापर्यंत गेला असं रामकली अजून सांगते.

"पूर्ण सिस्टर लिहा, साहेब. आणि पाच दिवसांत होणार नाही, पंधरा लागतील."